चारचाकी वाहन चारचाकी करणेबाबत

आमच्या कॉलनीत सिस्टरांना चक्रम म्हणणारे पुष्कळ होते, आणि अजूनही असतील. मी मराठीचा मास्तर. शब्द वापरा, पण नीट वापरा, एवढंच माझं म्हणणं. ज्याचं चाक जागेवर नाही तो चक्रम, असं धरलं तर सिस्टरांची चारही चाकं जागेवर होती आणि चारही कामाला लागली पाहिजेत असा त्यांचा हट्ट होता. चक्रम म्हणायचंच तर बाकीच्या कॉलनीला म्हणा, असं मी एकदा सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं. त्यानंतर मला मीटिंगची चिठ्ठी येईनाशी झाली.

गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला त्यांचा बंगला होता. बंगला म्हणायचं कारण एवढंच की गेटवर तसं लिहिलं होतं. वरच्या दोन खोल्यांत मी सहा वर्षं भाड्याने राहिलो. पुढे संस्थेने सिन्नरच्या शाळेत बदली केली आणि खोल्या सुटल्या. सिस्टर म्हणजे आरोग्य खात्यातून निवृत्त झालेल्या नर्सबाई. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात, पाड्यापाड्यांवर बाळंतपणं करण्यात आणि लसी टोचण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. उंची पाच फुटांच्या आत, चष्मा दोरीने गळ्यात, पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात आणि एरवी साध्या साडीवर नोकरीतला जुना एप्रन. खोली दाखवताना त्यांनी मला सांगितलं की पाणी सकाळी साडेसहाला येतं, त्यांच्या नवऱ्याबद्दल विचारायचं नाही, आणि पोर्चमध्ये स्कूटर लावायची नाही, कारण तिथे पेशंट आहे.

पेशंट म्हणजे एक जीप. बावीस वर्षं त्या हिच्यातूनच हिंडल्या होत्या. खात्याने ती कंडम ठरवून लिलावात काढली तेव्हा भंगारवाल्यांच्या घोळक्यात जाऊन यांनी ती सोडवून आणली. तिच्या स्टिअरिंगला दोरीने एक केसपेपर बांधलेला असे. त्यावर तारीख, तक्रार, उपचार असे रकाने. ‘थंडीत सकाळी उठत नाही’ ही तक्रार मी स्वतः वाचली आहे. खाली उपचारात लिहिलं होतं, ‘रागावले.’

जीपबद्दल त्यांची मूळ तक्रार मात्र केसपेपरवर नव्हती, ती त्या तोंडी सांगत. भेटेल त्याला सांगत. “हिला चारचाकी म्हणतात. ओढतात कोण? मागची दोन. पुढची दोन नुसती बरोबर चालतात, आणि वळण आलं की आपणच सगळ्यांना नेतोय असा चेहरा करतात.” ही त्यांची जगाकडे बघायची पट्टी होती. सोसायटीची कमिटी म्हणजे पुढची चाकं. त्यांचे एकेकाळचे साहेब, तेही पुढची चाकं. त्यांच्याकडे जेवलो आणि ताट तसंच ठेवून हात धुवायला उठलो, की मागून आवाज येई, “सर, पुढचं चाक होऊ नका.” मी मुकाट्याने ताट घासायला नेत असे.

आता मुद्द्याचं सांगतो. त्या डोंगरात एक पाडा आहे. डांबरी रस्ता संपला की ओढा, ओढा ओलांडला की मुरमाचा खडा चढ, आणि वर बारा-पंधरा घरं. जीप ओढ्यापर्यंत जाई. पुढे मागची चाकं मुरमात जागच्या जागी फिरत, म्हणून ड्रायव्हर तिथेच गाडी लावून बिडी पेटवायचा आणि सिस्टर तासभर चढून वर जायच्या. कोरड्या दिवसांतही तीच तऱ्हा, पावसाळ्यात तर विचारायलाच नको. वरून कुणाला खाली आणायचं तर डोलीत. बांबूला घोंगडं बांधायचं, आत माणूस ठेवायचं, चौघांनी खांदा द्यायचा.

त्या पाड्यावर एक म्हातारी सुईण होती. सिस्टर तिला मावशी म्हणत. पहिल्या भेटीत दोघींचं नाळ कापण्यावरून कडाक्याचं भांडण झालं, आणि पुढची वीस वर्षं दोघींनी मिळून त्या डोंगरातली पोरं जगात आणली. मावशीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. दोन वर्षं ती अंगणाबाहेर गेली नव्हती. सिस्टरांनी तिच्या डोळ्यांचे फोटो मोबाईलवर काढून शहरातल्या डॉक्टरांना दाखवले. ते म्हणाले, ऑपरेशनने दिसेल, पण फार पिकू देऊ नका. आत दाब वाढला आणि उजेड कळेनासा झाला की मग काही हातात राहत नाही. होळीच्या पुढे ढकलू नका.

मावशी यायला तयार होती. फक्त डोलीत बसायला तयार नव्हती. “डोलीत बाळंतीण जाते नायतर मुडदा. मी दोन्ही नाय. गाडी दारात आण, मंग येते,” असं तिने सिस्टरांना सांगितलं. बळजबरीने उचलायला गेलेल्या एका कंपाउंडरला ती चावली होती, त्यामुळे तो मार्ग बंद होता. मी सिस्टरांना सुचवलं की चारही चाकांनी ओढणारी एखादी गाडी एक दिवस भाड्याने घ्या आणि विषय संपवा. त्यांनी चष्मा लावून माझ्याकडे बघितलं.

“भाड्याची गाडी एक दिवस जाईल, सर. त्या चढावर अडलेलं माणूस बाराही महिने असतं. आणि ही गाडी वर जात नाही, असं मला बावीस वर्षं ऐकवलंय. आता हीच जाणार.”

तर जीपची पुढची चाकंही ओढती करायची, घरी, पोर्चमध्ये, आणि होळीच्या आत. पण गाडीत असा बदल करायला परवानगी लागते. म्हणून अर्ज. कुठल्या कचेरीत ते सांगत नाही, तिथे माझीही कामं पडतात. अर्ज लिहायला अर्थातच मी. मी ‘फोर व्हील ड्राइव्ह’ असं लिहिल्यावर सिस्टरांनी कागद परत दिला. इंग्रजीत लिहिलं की ते इंग्रजीत नाही म्हणतात आणि आपल्याला उत्तर सुचत नाही, हा त्यांचा अनुभव. मग मी माझी विद्वत्ता पणाला लावून ‘चतुश्चक्रचालित’ असा शब्द काढला. हे पोटाच्या औषधाचं नाव वाटतं, असं त्या म्हणाल्या. शेवटी त्यांनीच सांगितलं आणि मी कपाळाला हात लावून लिहिलं: ‘विषय: चारचाकी वाहन चारचाकी करणेबाबत.’ खाली दोन पानं सगळा खुलासा होता. कुठली चाकं ओढतात, कुठली ओढत नाहीत, ओढा, चढ, मावशीचे डोळे, सगळं.

दसऱ्याच्या सुमारास उत्तर आलं. ‘सदर वाहन नोंदणीनुसार मूळचेच चारचाकी असल्याने वेगळ्या परवानगीची आवश्यकता दिसून येत नाही. अर्ज निकाली काढण्यात येत आहे.’ खाली सही, गोल शिक्का. विषयाच्या ओळीपुढे कुणी वाचलंच नव्हतं. मी सिस्टरांना परोपरीने समजावलं की ही परवानगी नव्हे, ही चूक आहे. त्या म्हणाल्या, “मला वाचता येतं, सर. त्यांना आलं नाही, तो त्यांचा प्रश्न.” दुसऱ्या दिवशी त्यांनी ते पत्र लॅमिनेट करून आणलं आणि दिवाळी झाल्या झाल्या जीप ठोकळ्यांवर चढवली.

मदतीला एक मिस्त्री होते. अंबडच्या कारखान्यात तीस वर्षं लेथ चालवून निवृत्त झालेले, कमी बोलणारे, तंबाखू मळता मळता विचार करणारे. काम तसं सांगायला सोपं. गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी बसवायची, जी इंजिनाची ताकद पुढेही वाटून देते. पुढे आधी नुसता लोखंडी दांडा होता, तो काढून त्याजागी ओढणारा एक्सल घालायचा. त्या एक्सलवर एका बाजूला एक फुगीर गोळा असतो, दात्यांचा, तो ताकद चाकांकडे वळवतो. सिस्टर हे सगळं मोबाईलवर कुठल्या कुठल्या भाषांतले व्हिडिओ आवाज बंद करून बघत शिकल्या. भाषेची गरज नाही, हात काय करतात ते बघायचं, नर्सिंग शिकताना ऑपरेशन थिएटरात आम्ही तेच केलं, असं त्यांचं म्हणणं.

थिएटरची शिस्त पोर्चमध्येही होती. नटबोल्ट औषधांच्या रिकाम्या डब्यांत, चिठ्ठ्या लावून. गिअरचं ऑइल सलाईनच्या नळीने थेंब थेंब. आणि कुठलीही पेटी बंद करण्याआधी हत्यारांची मोजणी, मोठ्याने, मिस्त्रींच्या तोंडून. पोट शिवण्याआधी कापसाचे बोळे मोजतात तशी. एकदा चौदा नंबरचा पाना कमी भरला. मिस्त्री म्हणाले, असेल इकडेतिकडे. सिस्टरांनी बंद केलेली पेटी सगळी उघडायला लावली. दोन तासांनी पाना मिस्त्रींच्या मागच्या खिशात सापडला. मिस्त्रींनी रागाने चहा घेतला नाही, पण दुसऱ्या दिवशी वेळेवर आले, आणि त्यानंतर खिसे उलटे करून दाखवायची सवयच त्यांना लागली.

पुढचा एक्सल मालेगावच्या एका जुन्या सामानाच्या दुकानात सापडला. फोनवर दुकानदाराने विचारलं, गाडीच्या समोर उभं राहून सांगा, गोळा कुठल्या हाताला पाहिजे. सिस्टर जीपच्या समोर उभ्या राहिल्या. गोळा त्यांच्या डाव्या हाताला यायला हवा होता. पण सगळी नोकरी नर्सची. समोर जो आहे तो पेशंट, आणि उजवं-डावं नेहमी पेशंटचं, स्वतःचं नाही. त्या बिनदिक्कत म्हणाल्या, “उजव्या.” दुकानदाराने बघणाऱ्याचा उजवा धरला, आणि बरोबर उलट्या बाजूचा गोळा असलेला एक्सल टेम्पोतून येऊन पोर्चमध्ये उतरला.

बदलून मिळायला किती दिवस लागतील ते दुकानदाराला सांगता येईना. इकडे सिस्टर महिन्यातून एकदा पायी चढून मावशीच्या डोळ्यांवर टॉर्च मारून येत होत्या. पूर्वी मावशी टॉर्च कुठून येतो ते चटकन बोटाने दाखवायची. पौषात तिला जरा वेळ लागला. सिस्टर परत आल्या त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी तंबाखू मळत तोड काढली: एक्सल पालथा घातला तर गोळा आपोआप हव्या त्या बाजूला येतो. ही युक्ती आम्हाला तिघांनाही एकदम पटली, यातच काय ते समजा. आठ दिवस खपून, स्प्रिंगांच्या बैठका नव्याने वेल्ड करून त्यांनी तो पालथा बसवला.

पहिली चाचणी ठोकळ्यांवरच घेतली. चारही चाकं अधांतरी, सिस्टर सीटवर, मिस्त्री आणि मी दोन बाजूंना. त्यांनी गिअर टाकला, नव्या पेटीचा छोटा दांडा ओढला, क्लच सोडला. मागची चाकं पुढे फिरायला लागली. पुढचीही फिरायला लागली, पण मागे. गोळा पालथा झाला की चाकांची दिशाही पालथी होते, हे आमच्या तीन डोक्यांत आलंच नव्हतं. ठोकळ्यांवरून उतरवली असती तर जीप जागेवर उभी राहून स्वतःशीच भांडली असती. गेटबाहेर बघायला जमलेली कॉलनी पोट धरून हसली. मिस्त्री खाली बसले. मला वाटलं, आता मावशीचे डोळे गेले. सिस्टर खाली उतरल्या आणि उलट्या फिरणाऱ्या चाकांकडे कंबरेवर हात ठेवून बघत राहिल्या.

“ओढतायत तरी,” त्या म्हणाल्या. “आता फक्त दिशा पटवायची.”

दुसऱ्या दिवशी तो एक्सल भाजीच्या टेम्पोत टाकून त्या स्वतः मालेगावला गेल्या आणि दुकानात जाऊन बसल्या. बरोबर ब्लडप्रेशर तपासायचं यंत्र नेलं होतं. पहिल्या दिवशी दुकानदाराचं, मग त्याच्या घरच्यांचं, मग गल्लीतल्या लूमवरच्या माणसांचं, अशी तपासणी चालली. बाजी, म्हणजे तिथल्या बोलीत थोरल्या ताई, उठत नाहीत आणि दुकानात गर्दी हटत नाही, हे बघून दुकानदाराने सगळीकडे फोन फिरवले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सिस्टर बरोबर गोळ्याचा एक्सल घेऊन परत आल्या. या खेपेला तो सुलटा बसला आणि चारही चाकं एका दिशेने फिरली. मिस्त्रींनी खिसे उलटे करून दाखवले आणि चहा मागितला.

कॉलनीतल्या कुणीतरी तक्रार केलीच. एके सकाळी त्या कचेरीतला माणूस आला. सिस्टरांनी त्याला पाणी दिलं आणि लॅमिनेट केलेलं पत्र दिलं. त्याने आपल्याच कचेरीचा शिक्का दोनदा निरखून बघितला आणि म्हणाला, “बाई, शब्दाचा खेळ करू नका. असली गाडी रस्त्यावर चालवता येणार नाही.”

सिस्टरांनी त्याला जीपपाशी नेलं आणि छोटा दांडा दाखवला. “हा दांडा ओढला तरच पुढची चाकं ओढतात. तुमच्या रस्त्यावर मी त्याला हात लावणार नाही, तिथे गाडी पूर्वीसारखीच चालेल. दांडा ओढणार ओढ्याच्या पुढे. तिथे रस्ता नाही, असं मला सरकारनं तीन वेळा लिहून दिलंय. कागद दाखवू का?”

त्याने वाकून दांडा हलवून बघितला. पाड्याचं नाव काय, एवढंच त्याने विचारलं. ते ऐकल्यावर, माझी आजी तिकडचीच, असं काहीतरी पुटपुटला आणि पाणी पिऊन गेला. कायद्याने कोण बरोबर होतं हे मला विचारू नका. मी त्या दिवशी शाळेत उशिरा पोचलो आणि दिवसभर खुशीत होतो.

होळीला चार दिवस होते तेव्हा आम्ही निघालो. सिस्टर चालवत होत्या, मी शेजारी, मागे जॅक, दोरखंड आणि फळ्या. ओढ्यापाशी त्यांनी गाडी थांबवली, दांडा ओढला, आणि पाण्यात घातली. चढाच्या पहिल्याच वळणावर मागची चाकं मुरमात घसरली. मी मागच्या फळ्यांकडे हात नेला. मग पुढून एक हिसका बसला, गाडी वर सरकली, आणि सरकतच राहिली. सिस्टरांनी बॉनेटच्या दिशेने मान केली आणि हळूच म्हणाल्या, “आता कळलं?”

मावशी दारात उभी होती, आवाजाच्या दिशेने तोंड करून. तिने जीपचं एकेक चाक हाताने चाचपलं. मग शेजारच्या सीटवर येऊन बसली. मी मागे फळ्यांवर गेलो. अख्खा पाडा ओढ्यापर्यंत गाडीमागे पळत आला. त्यांच्यातल्या कुणीही त्या चढावर कधी गाडी बघितली नव्हती.

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आणखी महिनाभर थांबला असतात तर अवघड होतं. आधी एका डोळ्याचं केलं, दुसऱ्याचं पुढे. आठ दिवस मावशी आमच्याकडे राहिली आणि माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवत राहिली. डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर तिने पोर्चमध्ये जाऊन जीप बघितली. “हीच का ती? लय भंगार हाय,” म्हणाली. सिस्टरांना ते लागलं. त्यांनी संध्याकाळी जीप धुतली.

तिला परत सोडायला निघालो. डांबर संपलं, ओढा आला, सिस्टरांनी दांडा ओढला, आणि ओढ्यापलीकडे पोचल्यावर मावशी म्हणाली, “थांबव.” सिस्टरांना वाटलं, आता दिसतंय तर चढाची भीती वाटली असेल. त्यांनी समजूत घातली की गाडी पडत नाही. मावशी तोवर उतरली होती.

“माला आता वाट दिसते. मी चालत जाईन.”

“मावशी, चार महिने गाडीखाली लोळले मी. तुझ्यासाठी.”

“तू गाडी दारात आणलीस, मी बसले. झालं ना? आता ज्याला दिसत नाय, ज्याला चालवत नाय, त्याला नेय. माला पाय हायेत.” तिने हातातली काठी जीपमध्ये टाकली, लुगडं वर खोचलं आणि चढाला लागली.

सिस्टर रागावल्या. त्यांनी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून तिच्यामागे घातली. मावशी मुरमावर एकेक पाऊल बघून टाकत होती. वळणावर थांबून तिने खाली दरीकडे पुष्कळ वेळ बघितलं. कुणाची झोपडी कुठे सरकली, कुठलं झाड राहिलं नाही, असं काहीतरी मोजत असावी. सिस्टरांनी ब्रेक दाबून धरला होता आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझ्याही. हे सांगायला मला अजिबात लाज वाटत नाही. त्यांनी हॉर्न वाजवला नाही. थोड्या वेळाने मावशी पुन्हा चालायला लागली, वाटेच्या अगदी मधोमध, आणि घर येईपर्यंत तिने आमच्या गाडीला पुढे जाऊ दिलं नाही.